उसने घेणे आणि नाव घेणे : तंजावरच्या परंपरेतील श्रेयनिर्देशाचा विचार

वाङ्मयचौर्याची चर्चा बहुधा आरोपाच्या भाषेत होते. कोणी कोणाचे काय घेतले, किती घेतले आणि ते कसे उघडकीस आले, एवढ्यावरच ती थांबते. ही भाषा जुनी आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात रोममधील मार्शल या कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्या इसमाला माणसे पळवणाऱ्या चोराचे नाव दिले आणि त्याच शब्दातून पुढे युरोपीय भाषांतील वाङ्मयचौर्याची संज्ञा रूढ झाली. या संज्ञेत कविता ही कर्त्याच्या घरचे माणूस ठरते, आणि जो तिला नेतो तो गुन्हेगार.

परंतु एखाद्या कृतीवर जीव जडलेला समुदाय जेव्हा ती कृती गातो, सांगतो, तिच्यात भर घालतो, तिच्या चालीवर नवे शब्द बसवतो, तेव्हा ही संज्ञा अपुरी पडते. असा समुदाय चोरीच्या हेतूने कृतीजवळ येत नाही. त्याला प्रेमाने खेचलेले असते. घेतल्यावाचून त्याला राहवत नाही, आणि त्याच्या घेण्यामुळेच कृती जगते. मग अशा समुदायात श्रेय कोणाचे, ते कसे सांगावयाचे, आणि सांगितले नाही तर कोणाचे काय बिघडते? भक्त, शिष्य, भागवतार, नट्टुवनार आणि रसिक अशा समुदायांनी घडवलेल्या तंजावरच्या वाङ्मयात आणि संगीतात या प्रश्नांचा विचार करण्यास विपुल सामग्री आहे. मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या चार भाषा येथे एका दरबारात आणि एका रंगभूमीवर नांदल्या. त्यामुळे एका भाषेतील कृती दुसऱ्या भाषेच्या श्रोत्यांपुढे गेली की कर्त्याच्या नावाचे काय होते, हेही येथे स्पष्ट दिसते.

हरणाचे शास्त्र

भारतीय काव्यशास्त्राने या विषयाकडे पाठ फिरवली, असे म्हणता येत नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या उक्तींमधील साम्याला ‘संवाद’ म्हटले आणि त्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखे साम्य, चित्रासारखे साम्य आणि दोन देहधारी माणसांत असते तसे साम्य. पहिले दोन त्याज्य, तिसरे मात्र ग्राह्य. दोन माणसे सारखी दिसली तरी प्रत्येकाचा जीव निराळा असतो, ही त्यामागील कल्पना.

इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त, म्हणजे बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत १९१६ साली पहिला ग्रंथ म्हणून छापल्या गेलेल्या ग्रंथात, हरणाला स्वतंत्र अध्याय दिले. परक्याने वापरलेले शब्द व अर्थ आपल्या रचनेत गुंफणे म्हणजे हरण, अशी त्याची व्याख्या आहे; आणि हे हरण त्याज्य व स्वीकार्य असे दोन्ही प्रकारचे असते. शब्दहरणाचे पद, पाद, अर्धा श्लोक, वृत्त व प्रबंध असे टप्पे त्याने केले आहेत.

या चर्चेतील दोन मुद्दे प्रस्तुत विषयाला विशेष उपयोगी आहेत. पहिला मुद्दा राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या मताचा. घेणारा आपल्या मनाची समजूत कशी घालतो, याची तिने यादीच दिली आहे : मूळ कवी अप्रसिद्ध आहे, आपण प्रसिद्ध आहोत, त्याची वाणी कडू, आपली गोड, तो दूरदेशीचा आहे, ही रचना जाणणारे आता उरले नाहीत. यातील जवळजवळ प्रत्येक कारण कर्ता आणि घेणारा यांच्यातील बळाच्या तफावतीवर बोट ठेवते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसरा मुद्दा विकत घेतलेल्या काव्याचा. मोल देऊन घेतलेली रचनाही हरणच होय, असे राजशेखर बजावतो. कीर्ती न मिळाली तर चालेल, अपकीर्ती नको, हा त्याचा निवाडा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५७ व्या कलमानुसार हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हे कलम आणि राजशेखराचे मत यांत हजार वर्षांचे अंतर आहे, दोहोंचे तर्कही वेगळे आहेत. तरीही मोलाने वस्तू मिळते, कर्तेपण मिळत नाही, या एका मुद्द्यावर दोघांची गाठ पडते.

धातू, मातू आणि कुट्टिकार

संगीतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे एका रचनेचे दोन कर्ते संभवतात. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त स्वररचनेला ‘धातू’ व शब्दरचनेला ‘मातू’ म्हटले. दोन्ही अंगे उत्तम साधणारा तो उत्तम वाग्गेयकार. याच ठिकाणी त्याने ‘कुट्टिकार’ ही संज्ञा दिली आहे. दुसऱ्याच्या धातूवर आपली मातू बसवणारा तो कुट्टिकार.

या संज्ञेचे महत्त्व असे, की येथे उसनवारीची निंदा केलेली नाही, आणि ती झाकूनही ठेवलेली नाही. कुट्टिकाराला वाग्गेयकाराच्या पंक्तीत बसू दिलेले नाही. मात्र त्याला चोरही म्हटलेले नाही. त्याचे काम कोणते आणि कोणते नाही, एवढे नावातच सांगितले आहे. उसन्या चालीवर नवे शब्द लिहिणाऱ्या कोणत्याही काळच्या समुदायाला याहून नेमका शब्द सुचणे कठीण.

तंजावरात या प्रकारच्या रचनेला मोठा वाव होता. नृत्यात आजही प्रिय असलेल्या हुसेनी रागातील स्वरजतीला परंपरेत एकाहून अधिक साहित्ये आढळतात. धातू ओळखीची, मातू निराळी. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून प्रसिद्ध असलेले बंधू तंजावर, म्हैसूर व त्रावणकोर अशा वेगवेगळ्या दरबारांशी जोडले गेले. त्यांच्या वर्णांत ज्या राजाला नायक कल्पिले त्याचे नाव येते. म्हणजे रचनेत नाव असते, पण ते बहुधा आश्रयदात्याचे. चाल कोणी बांधली हे नट्टुवनारांच्या घराण्याने लक्षात ठेवावयाचे. हे श्रेय रचनेत लिहिलेले नव्हते, ते समुदायाच्या स्मरणात होते.

मुद्रा : नावाची शिवण

रचनेतच नाव शिवून टाकण्याचा उपाय म्हणजे मुद्रा. मराठी श्रोत्याला ती अभंगाच्या अखेरच्या चरणातून परिचित आहे. कर्नाटक संगीतात त्यागराज स्वतःच्या नावाची मुद्रा वापरतात, मुत्तुस्वामी दीक्षितांची मुद्रा ‘गुरुगुह’ आणि श्यामा शास्त्रींची ‘श्यामकृष्ण’. क्षेत्रय्यांच्या पदांत ‘मुव्वगोपाल’ हे देवतेचे नावच कवीची खूण ठरते. गाणारा कोणीही असो, गाणे कर्त्याचे नाव उच्चारल्याखेरीज पुरे होत नाही. श्रेयनिर्देशाची याहून टिकाऊ व्यवस्था मौखिक परंपरेत आढळणे कठीण.

तथापि मुद्रेला एक मर्यादा आहे. ती नाव सांगते, पण नावाची खातरजमा करीत नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या निवडून काढताना संशोधकांना बरेच श्रम पडले. त्यागराजांच्या वालाजापेट, उमयाळपुरम् व तिल्लैस्थानम् येथील शिष्यशाखांनी कृती जतन केल्या. पुढे विसाव्या शतकातील छापील संग्रहांत त्यांची मुद्रा असलेल्या, परंतु या शाखांच्या पाठांत न सापडणाऱ्या रचना आल्या तेव्हा वाद झाले. वाङ्मयचौर्यात दुसऱ्याच्या कृतीवर आपले नाव घातले जाते. येथे उलट, आपल्या कृतीवर दुसऱ्याचे नाव घातले जाते, आणि तेही बहुधा भक्तीपोटी. भक्त स्वतःचे श्रेय सोडतो हे खरे, पण ते सोडताना तो गुरूच्या तोंडी न बोललेले शब्द घालतो. म्हणून हा त्यागही निर्दोष ठरत नाही.

मराठी परंपरेला याची जाण होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणाऱ्याची उपमा दिली. दुसऱ्या टोकाला महिपतीचे उदाहरण आहे. शके १६८४ च्या ‘भक्तिविजया’त त्याने नाभाजी व उद्धवचिद्घन या आपल्या पूर्वसूरींची नावे स्पष्टपणे घेतली आणि आपल्या पदरी कथनापुरतेच श्रेय ठेवले. नव्या नावाने जुन्या ग्रंथात शिरू नये आणि जुन्या नावावाचून नवा ग्रंथ मांडू नये, अशा दोन मर्यादा या दोघांच्या आचरणातून दिसतात.

राजाच्या नावाचे वजन

या मर्यादा जेथे सैल होतात ते स्थान म्हणजे सिंहासन. ‘संगीतसुधा’ हा ग्रंथ तंजावरचा नायक राजा रघुनाथ (कारकीर्द १६०० ते १६३४) याच्या नावे आहे. परंतु त्याचा मंत्री गोविंद दीक्षित याचा पुत्र वेंकटमखी याने ‘चतुर्दंडीप्रकाशिके’त ही कृती आपल्या पित्याची असल्याचे म्हटले आहे. ग्रंथ राजाच्या वाणीने बोलतो आणि पुत्र पित्याचे नाव घेतो. दोन्ही विधाने एकाच नगरातील, एकाच दरबारातील आहेत. वेंकटमखीने आरोप केलेला नाही. त्याने केवळ नोंद केली. तेवढ्याने शेकडो वर्षांनंतरच्या वाचकाला हा प्रश्न विचारता येतो.

भोसले राजांच्या काळी हा प्रश्न अधिक व्यापक होतो. शहाजी राजांच्या (कारकीर्द १६८४ ते १७१२) नावे तेलुगू यक्षगाने, पदे व मराठी नाटके आहेत. पहिल्या तुळजाराजांच्या नावे ‘संगीतसारामृत’ आहे. दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नावे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे भूगोलाचे ज्ञान देणारे मराठी नाटक आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रकाशित केलेली ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही नृत्यरचनाही. या सर्वांवर सरसकट संशय घेणे अन्यायाचे होईल. हे राजे व्यासंगी होते आणि लिहिणारे होते. पण दरबारातील पंडित, गवई व नट्टुवनार यांचा हात कोठे लागला हे ग्रंथाच्या शीर्षकावरून कळत नाही, हेही खरे.

सरफोजींच्याच काळातील दोन कुरवंजी शेजारी ठेवल्या तर फरक उमगतो. ‘देवेंद्र कुरवंजी’त राजा कर्ता आहे. तमिळमधील ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’त राजा नायक आहे आणि कर्ता म्हणून शिवक्कोळुंदु देशिकर यांचे नाव टिकून आहे. राजाचा गौरव दुसऱ्या नाटकातही तेवढाच साधला. त्यासाठी कवीचे नाव पुसावे लागले नाही. याउलट ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ वैद्यकग्रंथांच्या मालेत राजाचे नाव ग्रंथालाच लागले आणि अनेक जाणकारांचे श्रम त्या नावाखाली एकवटले. सरफोजी आपल्या संग्रहातील इंग्रजी पुस्तकांवर स्वतःची सही करीत. ती सही मालकीची होती, कर्तेपणाची नव्हे. पुस्तकाचा स्वामी आणि पुस्तकाचा कर्ता हा भेद त्या सहीत स्पष्ट आहे. दरबारी ग्रंथरचनेत तो तेवढा स्पष्ट राहत नाही.

निरूपण : ओळखीवर उभे असलेले श्रेय

तंजावरची मराठी कीर्तनपरंपरा या विचाराला वेगळे वळण देते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्यासारख्या कीर्तनकारांमुळे येथील कथाकीर्तनाला नवे रूप आले आणि तंजावर कृष्ण भागवतार (मृत्यू १९०३) यांनी ते दक्षिणेत सर्वमान्य केले. त्याआधीच मेरुस्वामी या नावाने ओळखले जाणारे अनंतपद्मनाभ गोस्वामी तंजावरची कीर्तनपद्धती घेऊन त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले होते.

या परंपरेत एका आख्यानासाठी जुळवलेल्या पदसंचाला निरूपण म्हणतात. त्यात मोरोपंतांच्या आर्या, वामन पंडितांचे श्लोक, संतांचे अभंग, साक्या, दिंड्या, ओव्या, संस्कृत सुभाषिते आणि जोडीला तेलुगू व तमिळ पदे एका कथेच्या सूत्रात ओवलेली असतात. चौथ्या शतकातील ऑसोनियसने व्हर्जिलच्या ओळी जोडून नवे काव्य केले, त्याची तौलनिक अभ्यासकाला येथे आठवण होईल. परंतु ऑसोनियसच्या काव्याचे रहस्य सर्व ओळी एकाच कवीच्या असण्यात आहे, तर निरूपणाचे वैशिष्ट्य कवी अनेक असण्यात. भागवतार या ओळी आपल्या म्हणून सांगत नाही. प्रत्येक वेळी तो नाव घेतो असेही नाही. कारण मराठी श्रोत्यापुढे त्याची गरज नसते. आर्या ऐकली की मोरोपंत, यमकांनी सजलेला श्लोक ऐकला की वामन, आणि अभंगात तर मुद्राच असते. वृत्त हीच ओळख आणि ओळख हाच श्रेयनिर्देश.

ही व्यवस्था एका अटीवर चालते : श्रोत्याला मूळ ठाऊक असले पाहिजे. तंजावरात ही अट हळूहळू ढिली झाली. मराठी मातृभाषा नसलेले भागवतार मराठी पदे म्हणू लागले आणि ती ऐकणारे श्रोते तमिळ व तेलुगू होते. साकी व दिंडी ही नावे दक्षिणेच्या कथाकालक्षेपात टिकली, त्यांच्या चालीही टिकल्या, त्या चालींवर तमिळ शब्दही आले. पण जो श्रोता साकी ओळखतो तो तिचा कवी ओळखतोच असे नाही. रचनाप्रकार सीमेपार गेला, कवीचे नाव सीमेवर राहिले. यात कोणी चोरी केली नाही. ओळखीवर विसंबलेले श्रेय ओळखणारा समुदाय बदलताच गळून पडले, एवढेच झाले. पूर्वी जो मूक आदर होता तो नव्या श्रोत्यांपुढे मौन ठरला.

मराठी नाट्येतिहासातील ‘पहिले नाटक’ हा वादही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विष्णुदास भावे यांचा ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग सांगलीला १८४३ साली झाला, शहाजी राजांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ त्याहून सुमारे दीड शतक जुने. तंजावरच्या नाटकांची ओळख महाराष्ट्रातील वाचकाला नसल्याने अग्रमान सांगलीला मिळाला. भावे यांच्या प्रयोगामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हेही पहिलेपणाच्या गौरवात दुय्यम ठरले. श्रेय हिरावून घेतले जाते त्यापेक्षा ते अपरिचयाने हरवते, असेच अधिक वेळा घडते.

पुष्पिका गाळली म्हणजे काय गाळले

हस्तलिखिताच्या आरंभी कवी आपला वंश, गुरू व आश्रयदाता सांगतो आणि शेवटी पुष्पिकेत नकलकार आपले नाव, तिथी व स्थळ नोंदवून पाहिले तसे लिहिल्याची ग्वाही देतो. हा मजकूर औपचारिक वाटतो आणि म्हणून छपाईच्या काळात तो गाळणे संपादकांना सोपे गेले. त्याचे परिणाम मुद्दुपळनीच्या ‘राधिकासांत्वनमु’ या तेलुगू काव्याच्या वाट्याला आले.

मुद्दुपळनी ही प्रतापसिंह राजांच्या (कारकीर्द १७३९ ते १७६३) दरबारातील गणिका, विदुषी व कवयित्री. काव्यारंभी तिने आपली परंपरा स्त्रियांच्या बाजूने, आजी तंजनायकीपासून सांगितली आहे. १८८७ च्या छापील आवृत्तीत हा प्रास्ताविक भाग आणि काही पद्ये वगळली गेली. पुढे बंगळूर नागरत्नम्मा (१८७८ ते १९५२) यांनी हस्तलिखित मिळवून १९१० साली काव्य पुन्हा संपादित केले. हे काव्य एका स्त्रीचे, आणि तेही आपल्याच समाजातील स्त्रीचे आहे, ही जाणीव त्यांच्या या परिश्रमांमागे होती. १९११ मध्ये सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून ग्रंथावर बंदी आणली. ती मद्रासचे मुख्यमंत्री टी. प्रकाशम् यांच्या काळी १९४७ साली उठली.

या प्रकरणात कोणीही मुद्दुपळनीचे काव्य आपल्या नावावर केले नाही. तरीही तिच्यावरील अन्याय वाङ्मयचौर्याहून लहान नव्हता. काव्य ठेवून कवयित्रीचा वंश गाळला, की कर्तृत्वाचे मूळच उपटले जाते. ती कोण होती, कोणाची शिष्या होती, कोणत्या समाजाची होती हे सांगणारी जागाच नाहीशी होते. अवंतिसुंदरीने सांगितलेल्या समजुतींत आणखी एक भर येथे पडते : कर्ती गौरवास पात्र नाही, म्हणून तिची ओळख सांगण्याचे कारण नाही. उलट नागरत्नम्मांचे काम हे चाहतीने केलेल्या श्रेयनिर्देशाचे उत्कृष्ट उदाहरण होय. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीस्थानाचा उद्धार करणाऱ्याही त्याच. ज्याच्या कृतीवर आपण जगतो त्याचे नाव व स्थान जपणे, ही त्यांच्या दोन्ही कार्यांमागील एकच निष्ठा होती.

समारोप

तंजावरच्या या उदाहरणांतून तीन गोष्टी हाती येतात. एक, उसने घेणे हा तेथे दोष नव्हता. कुट्टिकार, निरूपणकार व कथनकार यांना मान्य जागा होत्या, आणि त्या जागांची नावे स्वच्छ होती. दोन, श्रेय लपण्याची खरी ठिकाणे बळाच्या उतरंडीवर होती : राजाच्या नावाखाली पंडित, आश्रयदात्याच्या नावाखाली नट्टुवनार, संपादकाच्या अभिरुचीखाली गणिका. तीन, ओळखीवर उभे असलेले श्रेय त्या ओळखीच्या वर्तुळापुरतेच टिकते.

यांपैकी तिसरी गोष्ट आज विशेष महत्त्वाची आहे. आंतरजालावर वावरणारे रसिकसमुदाय चाली, पदे, चित्रे व कथा ज्या वेगाने हाताळतात, त्या वेगात श्रोत्यांचे वर्तुळ कोणाला आखता येत नाही. ‘हे कोणाचे आहे ते सर्वांना माहीतच आहे’ हा निर्वाळा मोरोपंतांच्या आर्येबाबत तंजावरच्या मराठी श्रोत्यापुढे पुरेसा होता; त्याच्या शेजारी बसलेल्या तमिळ श्रोत्याला तो पुरला नाही. कायद्याचे संरक्षण जुन्या रचनांना नाही आणि बहुतेक हौशी व्यवहारांपर्यंत ते पोहोचतही नाही. अशा वेळी उरते ती समुदायाची शिस्त : धातू कोणाची व मातू कोणाची हे वेगळे सांगणे, कथन आपले असेल तर पूर्वसूरींचे नाव घेणे, आणि नक्कल करताना पुष्पिका न गाळणे. वेंकटमखीने पित्यासाठी केलेली नोंद, महिपतीने पूर्वसूरींसाठी केलेली नोंद आणि नागरत्नम्मांनी दीड शतकापूर्वीच्या कवयित्रीसाठी केलेली नोंद, या तिन्ही नोंदी थोड्याच शब्दांच्या आहेत. त्या केल्या नसत्या तर तीन नावे आज सांगता आली नसती.